गॅलरीतून दीर्घिका: उपनगरी नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

दक्षिण शोधणे

सर्वप्रथम घराची दक्षिण शोधा. वास्तुवाल्याने सांगितलेली बाजूला ठेवा, होकायंत्रातली घ्या. मोबाइल खिडकीच्या ग्रिलपासून लांब धरा, नाहीतर दक्षिण दर पावलाला बदलेल. बहुतेक फ्लॅटांत या दिशेला लिफ्टची भिंत, समोरच्यांची वाळत घातलेली चादर किंवा पुनर्विकासात नुकताच उभा राहिलेला टॉवर निघतो. नाउमेद होऊ नका. सगळ्यांचं तेच निघतं, म्हणून पुढे गच्चीचा विभाग दिला आहे.

दक्षिण हवी ती एनजीसी १३६५ या दीर्घिकेसाठी. अश्मंत नावाच्या, फारसं कुणी नाव न घेणाऱ्या तारकासमूहात ती आहे. इंग्रजी नकाशांत तो फॉर्नेक्स म्हणून सापडेल. ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. म्हणजे मधोमध ताऱ्यांचा लांबलचक सरळ पट्टा, तो दंड, आणि त्याच्या दोन टोकांपासून वळून गेलेल्या दोन भुजा. अंतर सुमारे ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षे. रुंदी सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे; आपली आकाशगंगा वन-बीएचके धरली तर ही टू-बीएचके.

मुंबईकराला इथे एक फायदा फुकटात मिळालेला आहे. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो, त्यामुळे ही दीर्घिका आपल्या दक्षिण क्षितिजावर ३५ अंशांपर्यंत चढते. लंडनमध्ये ती जेमतेम अडीच अंशांवर डोकावून परत जाते. लंडनला स्थायिक झालेल्या भावोजींशी बोलताना हा आकडा तोंडपाठ असू द्या.

आता तोटा. बोरिवलीच्या दक्षिणेला कांदिवली, मालाड, गोरेगाव, अंधेरी, वांद्रे आणि मग थेट कुलाब्यापर्यंतची मुंबई आहे. मुलुंडच्या दक्षिणेला भांडुपपासून तीच रांग. या सगळ्यांचे दिवे मिळून दक्षिणेच्या आकाशात जो पिवळट पांढरा उजेड साठतो, बरोबर त्याच उजेडात आपली दीर्घिका आहे. निसर्गाने काळोखाचा एक मोठा तुकडा उपनगरांना दिलाय, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. पण तो बोरिवलीकरांच्या पूर्वेला आणि मुलुंडकरांच्या पश्चिमेला. म्हणजे बोरिवलीतून तारे काळोखातून उगवताना दिसतात आणि मुलुंडमधून तेच तारे काळोखात मावळताना. दक्षिणेचं काम दोघांचंही होत नाही. घाटकोपरकरांना उजेडाच्या जोडीला डोक्यावरून धावपट्टीकडे उतरणारी विमानं मिळतात, आणि अंधेरीकरांना तीच विमानं अजून खाली उतरलेली.

निघालेला प्रकाश

उपकरणं विकत घेण्याआधी आपण नक्की काय पकडायला निघालोय ते एकदा समजून घ्या. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. बेसाल्टचे उभे खांब एकमेकांना चिकटून झालेला, साठेक मीटर उंचीचा सुळका. वर गावदेवीचं देऊळ, चारी बाजूंनी इमारती. त्याचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला. म्हणजे एनजीसी १३६५ मधून आजचा प्रकाश निघाला तेव्हा गिल्बर्ट हिल एक कोटी वर्षांचा जुना रहिवासी होता आणि भारताचा भूभाग अजून आशियाला धडकायच्या वाटेवर होता.

तो प्रकाश वाटेत कुठे फारसा अडला नाही. पृथ्वीच्या हवेचा शेवटचा शंभरेक किलोमीटरचा थर पार करायला त्याला सेकंदाचा तीन-हजारावा भाग लागतो, आणि सगळं मातेरं तिथेच होतं. रस्त्यावरचा दिवा वर जातो, धुळीवर आणि बाष्पावर आपटून खाली येतो, आणि ५ कोटी ६० लाख वर्षांच्या प्रवाशाबरोबर एकाच वेळी तुमच्या डोळ्यात शिरतो. डोळा दोघांत भेद करत नाही. खगोलनिरीक्षणातल्या अडचणी विश्वाच्या विशालतेमुळे येतात असं पुस्तकांत लिहितात. माझ्या मते त्यातल्या नव्वद टक्के वॉर्ड पातळीवरच्या आहेत.

साहित्य

आठ इंची, म्हणजे २० सेंटिमीटर आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण. हा आरसा उघड्या डोळ्याच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. दुर्बीण घेताना ती किती पट मोठं दाखवते, असं दुकानदाराला विचारू नका. विचारलंत तर तो सांगेल, आणि तिथेच फसाल. दीर्घिका लहान आहे म्हणून दिसत नाही असं नसतं. ती फिकट आहे म्हणून दिसत नाही. मोठं करत गेलं की दीर्घिका आणि तिच्यामागचं आकाश दोन्ही सारखीच पातळ होतात. शंभर पट भरपूर झाली. खोक्यावर ६७५ पट लिहिलेली दुर्बीण बारशाच्या आहेरात चालेल.

फिल्टरच्या नादी लागू नका. जुने सोडियमचे पिवळे पथदिवे मोजक्याच तरंगलांबींचा प्रकाश द्यायचे, तो बराचसा गाळून टाकता यायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी आले. त्यांचा प्रकाश पूर्ण वर्णपटावर पसरलेला, आणि दीर्घिकेचाही तसाच, कारण ती अब्जावधी ताऱ्यांचीच बनलेली. गाळणी लावली तर चोर आणि साव दोघे बाहेर राहतात.

बाकी सामान किरकोळ. डासांचं मलम, सतरंजी, लाल उजेडाची विजेरी. लाल कशाला ते पुढे येईल. थर्मास घ्यावा, चहा दीर्घिकेपेक्षा खात्रीचा आहे.

गच्चीची किल्ली

या विभागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. हबलसारख्या कुणाही खगोलशास्त्रज्ञाला जे करावं लागलं नाही ते तुम्हाला करायचं आहे: सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मिळवायची आहे.

गच्ची सामाईक असते. सामाईक म्हणजे तिच्यावर सगळ्यांचा हक्क आणि किल्ली एकाकडे. किल्ली मागायला रविवारी सकाळी जा, नाश्ता झाल्यावर. “दीर्घिका बघायचीय” असं सांगू नका. “मुलांसाठी शैक्षणिक उपक्रम” म्हणा. घरात मूल नसेल तर शेजारचं घेऊन जा. लेखी अर्ज मागितला तर अर्जात दुर्बिणीचं वजन जरूर लिहा, कारण पहिला प्रश्न स्लॅबचा येतो. दुसरा प्रश्न समोरच्या इमारतीचा. दुर्बीण आकाशाकडे रोखलेली असेल, समोरच्यांच्या बेडरूमकडे नाही, हे मोकळेपणाने सांगा आणि सेक्रेटरींनाच पहिल्या रात्री वर बोलवा.

आले की त्यांना दीर्घिका दाखवू नका. चंद्र दाखवा, आणि शनी आकाशात असेल तर शनी. शनीची कडी पहिल्यांदा दिसली की माणूस दुर्बिणीत चित्र चिकटवलंय का ते पुढून वाकून बघतो. त्या क्षणाला किल्लीचा प्रश्न सुटलेला असतो. बातमी पसरते, दुसऱ्या दिवशी जिन्यात रांग लागते. त्यात एक काकू असतात, त्या बाजूला घेऊन हळूच विचारतात, “आमची साडेसाती चालू आहे, बघितलं तर चालेल ना रे?” चालेल म्हणा. बघितल्याने वाढत नाही, आणि साडेसात वर्षं चिकाटी धरली तर एनजीसी १३६५ सुद्धा दिसून जाईल.

पाण्याच्या टाकीमागे उभं राहा. टाकी ही उपनगरातली खरी वेधशाळेची भिंत. निदान एका बाजूचा फ्लडलाइट तरी अडवते.

अमावास्येचा बंदोबस्त

चंद्र नको, म्हणून अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. इथे घरातली ज्येष्ठ मंडळी आडवी येतात. अमावास्येला मध्यरात्री गच्चीवर, काळं जाकीट घालून, लाल दिवा लावून, एका काळ्या नळकांड्यावर वाकून बसलेला माणूस वॉचमनने पाहिला तर त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवेल किंवा थेट पोलीस चौकी. त्याला आधी कल्पना द्या. चहा त्याच्यासाठीही असतो.

वर्षातली एक अमावास्या मात्र वगळा. दिवाळीत लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, आणि वर्षातल्या सगळ्यात काळ्या रात्रींपैकी एक रात्र आपण सगळ्यात जास्त उजळून, वर धूर करून घालवतो. त्या रात्री फराळ करा.

योग्य काळ डिसेंबर–जानेवारी. जानेवारीच्या मध्यावर ही दीर्घिका रात्री साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यात उंच येते, म्हणजे जेवणाआधी उरकता येतं. फक्त याच महिन्यांत थंड हवा जमिनीलगत दबून बसते आणि शहराचा धुरळा तिच्यातच अडकतो. धुतलेलं, स्वच्छ आकाश पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात मिळतं. पण तेव्हा ती त्या जागी यायला पहाटेचे अडीच-तीन वाजतात. कर्जतची पहिली लोकल पकडणाऱ्यांना हा पर्याय सोयीचा.

डोळे

अंधारात जाऊन अर्धा तास काहीही करू नका. हे नवशिक्यांना सगळ्यात अवघड जातं. बाहुली सेकंदांत मोठी होते, पण पडद्यावरच्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुरतं तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि व्हॉट्सअॅपचा एक गुड नाइटचा फोटो ते क्षणात संपवतो. लाल प्रकाशाला या पेशी फारशा दाद देत नाहीत, म्हणून विजेरी लाल.

मग वाकडं बघायला शिका. डोळ्याच्या बरोबर मध्यभागी दंडपेशी जवळपास नसतातच. दीर्घिकेकडे थेट पाहिलं की ती नाहीशी होते, जरा शेजारी नजर टाकली की येते. परिचयातल्या काही माणसांशी अशा नजरेने वागायचा आपल्याला सराव असतोच. तो इथे कामी येतो.

शोध

आकाशात मृग शोधा. हा मुलुंडमधूनही दिसतो. त्याच्या पायाशी निळसर पांढरा राजन्य. मग खाली दक्षिणेकडे अग्रनद. राजन्य आणि अग्रनद यांना जोडणारी रेषा मनात काढा, तिचा मध्य धरा आणि तिथून पाच अंश पश्चिमेला सरका. हात पूर्ण लांब करून धरलेली मधली तीन बोटं म्हणजे पाच अंश. दुर्बीण तिथे लावा.

कृती सोपी आहे. अडचण इतकीच की दीर्घिका सगळ्यात उंच आलेली असते तेव्हा अग्रनद क्षितिजापासून दहा अंशांवर असतो, आणि उपनगरांत दहा अंशांवर आकाश नसतं, दुसऱ्या सोसायटीची पाण्याची टाकी असते. अशा वेळी अग्रनद त्या टाकीमागे आहे असं गृहीत धरून रेषा काढावी. अश्मंताचा सर्वांत तेजस्वी तारा चौथ्या प्रतीचा, तोही उघड्या डोळ्यांना दिसणार नाही. मोबाइलवरचं स्टेलॅरियम उघडलंत तर वाट सापडेल आणि डोळ्यांची अर्ध्या तासाची तपश्चर्या जाईल. दोन्हींपैकी एक निवडा.

काय दिसणार नाही

दिसणार काय ते आधी सांगून टाकतो: करड्या आकाशात किंचित कमी करडा असा एक ठिपका, दीर्घिकेचा गाभा. तोही नशीब असेल तर. बाकीचं दिसणार नाही, पण ते तिथे आहे, आणि माझ्या मते तीस मिनिटं अंधारात बसण्याचं खरं कारण तेच आहे.

दंड दिसणार नाही. दंड म्हटल्यावर काहीतरी घट्ट, सलग वस्तू डोळ्यासमोर येते. ती तशी नाही. लांबट कक्षांत फिरणाऱ्या ताऱ्यांची एकमेकांवर पडलेली गर्दी म्हणजे दंड. तारे एकमेकांवर आपटत नाहीत, मधे जागा प्रचंड असते. वायू मात्र आपटतो. दंडाच्या कडेने वायूचे लोट एकमेकांत घुसतात, दाबले जातात, आपली फिरण्याची गती गमावतात आणि मध्याकडे घसरतात. छायाचित्रांत दंडाच्या अंगाने धुळीच्या ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या या घसरणीच्या वाटा. मध्याजवळ हा वायू साठला की तिथे नव्या ताऱ्यांचं कडं तयार होतं, आणि त्यातला थोडा वायू आणखी आत, कृष्णविवरापर्यंत पोचतो.

ते कृष्णविवरही दिसणार नाही. सूर्याच्या सुमारे २० लाख पट वस्तुमानाचं आहे. २०१३ साली नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या दोन क्ष-किरण दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून ते किती वेगाने स्वतःभोवती फिरतंय याचा हिशेब मांडला गेला, आणि निसर्गनियम परवानगी देतात त्या कमाल वेगाच्या बरंच जवळ ते निघालं.

अतिनवतारे दिसले असते, पण वेळ चुकली. या एका दीर्घिकेत १९५७, १९८३, २००१ आणि २०१२ मध्ये तारे फुटताना पाहिले गेले. २०१२ चा बाराव्या प्रतीपर्यंत उजळला होता, म्हणजे चांगल्या काळोखात आठ इंची दुर्बिणीला झेपला असता. पुढचा कधी, ते कुठल्याच पंचांगात नाही. म्हणून अधूनमधून डोकावत राहावं.

हिचा शोध लावणाऱ्या जेम्स डनलॉपलाही दंडाचं हे यंत्र ठाऊक नव्हतं. १८२६ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा इथून त्याने ही नोंदली, नऊ इंची दुर्बिणीतून. त्याचा आरसा पॉलिश केलेल्या धातूचा होता, बराच प्रकाश गिळणारा. तुमचा आठ इंची काचेचा आरसा त्याच्या तोडीचा नक्की आहे. फरक एवढाच, त्याच्या दक्षिणेला बीकेसी नव्हतं.

कॅमेऱ्याचा सोपा मार्ग

तत्त्वनिष्ठ असाल तर हा विभाग सोडा. दुर्बिणीला कॅमेरा जोडा, आकाशाबरोबर सरकणारा स्टँड घ्या आणि एक-एक मिनिटाचे शेकडो फोटो काढून संगणकावर एकावर एक रचा. गच्चीवरचा पिवळट उजेड प्रत्येक फोटोत जवळजवळ सारखा असतो, तो वजा करता येतो. उरलेली खरखर मात्र सरासरीत विरते: फोटो चौपट केले की ती निम्मी होते. काही तासांच्या प्रकाशात उपनगरातूनही दंड उमटतो, भुजा उमटतात. तुम्ही स्वतः त्या वेळी खाली झोपलेले असता. यालाही निरीक्षणच म्हणतात.

पुणेकरांनी तर घराबाहेरही न पडता याहून लांबची मजल मारली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक देखणी सर्पिल दीर्घिका शोधली, २०२५ मध्ये ती जाहीर झाली, आणि तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. तिचा प्रकाश सुमारे बाराशे कोटी वर्षांचा. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाचा. वाटेत एबेल २७४४ नावाच्या दीर्घिकांच्या थव्याने आपल्या गुरुत्वाकर्षणाने तो प्रकाश वाकवून अधिक उजळ केला. इतक्या लहान विश्वात इतक्या सुबक भुजा कशा तयार झाल्या, हे कोडं आहे. दंडांचंही तसंच: ते जमायला बराच काळ लागतो अशी समजूत होती, आणि वेबने २०२३ पासून सुमारे दोनशे कोटी वर्षं वयाच्या विश्वात दंडवाल्या दीर्घिका दाखवायला सुरुवात केली. एनजीसी १३६५ त्या मानाने शेजारच्या विंगमधली.

वांगणी

एवढं करूनही ठिपका दिसला नाही तर कर्जत लोकल पकडा. खगोल मंडळ ही मुंबईतल्या हौशी मंडळींची संस्था वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आली आहे. मुलुंडकरांनी ठाण्याला गाडी बदलावी. अंधेरीकरांनी मेट्रोने घाटकोपर गाठावं आणि मध्य रेल्वेवर पाय ठेवण्यापूर्वी पश्चिम रेल्वेविषयीचा अभिमान मेट्रोतच सोडावा. बोरिवलीकरांनी डबा मोठा घ्यावा. बदलापूरचे दिवे तिकडेही सरकत चाललेत, तेव्हा फार थांबू नका.

पावसाळी देखभाल

जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद. आयपीस हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नाहीतर भिंगांवर बुरशी येते आणि पुढच्या हंगामात तीच सर्पिल दिसू लागते. याच महिन्यांत ढगांच्या वर एक दंडयुक्त सर्पिल दीर्घिका रात्रभर डोक्यावर असते: आपली. आकाशगंगेलाही दंड आहे. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याची लांबी सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे काढली गेली. तो धनू राशीच्या दिशेला आहे, आणि धनू रास मुंबईत नेमकी पावसात चढते.

या काळात गच्चीच्या फ्लडलाइटचं बघा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेला जा, वेफर्स आणि समोसा असतो. फ्लडलाइटला झाकण बसवण्याचा मुद्दा ‘आयत्या वेळच्या विषयां’त मांडा, तो सगळ्यात शेवटी येतो. लिकेज आणि पार्किंग उरकेपर्यंत साडेदहा वाजतील. सप्टेंबरअखेर त्याच सुमारास एनजीसी १३६५ आग्नेयेला उगवते. पार्किंगचा वाद लांबला तर लांबू द्या. दर अर्ध्या तासाला ती पाच-साडेपाच अंश वर येत असते.